भुतांची जात आणि गावकुसाबाहेरचे भय

वसतिगृह आणि भुताची गोष्ट यांची सोबत फार जुनी आहे. रात्री दिवे मालवले की कोणत्याही निवासी शाळेच्या खोलीत कोणीतरी दबक्या आवाजात सुरुवात करतोच आणि बाकीचे पांघरूण डोक्यावर ओढून ऐकत राहतात. आम्ही शिक्षक मंडळी या गोष्टींशी आजवर दोनच प्रकारे वागत आलो. एक तर दटावून मुलांना गप्प केले, नाहीतर ‘भूतबीत काही नसते’ एवढे सांगून विषय मिटवला. भूत नसते, हे निखालस खरे. परंतु भुताची गोष्ट असते; ती कोणीतरी रचलेली असते, कोणाला तरी भिववण्यासाठी सांगितलेली असते आणि तिच्यात कोणीतरी मेलेले असते. ते कोण, कसे मेले, आणि मेल्यावरही गावाला त्यांची भीती का वाटावी, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. आपले अनेक माजी विद्यार्थी आता स्वतः आईबाप झाले असल्याने या स्मरणिकेत हा पाठ मांडावा असे आम्हांस वाटले.

या विषयाचे एक मोठे साधन नाशिकशीच निगडित आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या, हे आपण शालेय पुस्तकांत वाचतो. या जॅक्सनना लोकसमजुती गोळा करण्याचा छंद होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी जमवलेल्या साहित्यावरून एन्थोवेन या अधिकाऱ्याने पुढे दोन खंड प्रसिद्ध केले : १९१४ साली गुजरातचा आणि १९१५ साली कोकणचा. त्यांतली माहिती पाठवणारे बहुतांशी गावोगावचे शाळामास्तर होते. सरकारी प्रश्नावली समोर ठेवून, टाक बोरूने, त्यांनी आपापल्या गावची भुते नोंदवली. आमच्याच व्यवसायातील या अनाम बांधवांचे आम्ही ऋणी आहोत. कारण आपण काय लिहून ठेवीत आहोत, याची त्यांच्यापैकी बहुतेकांना कल्पना नसावी.

त्यांनी लिहून ठेवली ती भुतांची जातवार यादी. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला, तो ब्राह्मण मुलगा मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. वेदविद्येचा गर्व बाळगून मेला तो ब्रह्मग्रह. वारस नसल्याने ज्याचे क्रियाकर्म झाले नाही तो समंध. लग्नाविना मेलेला क्षत्रिय तो वीर, लग्नानंतर मेलेला शूद्र तो देवचार, खारवी किंवा कोळी मेला तर झोटिंग, हबशी मेला तर खवीस. आणि लग्नाआधी मेलेला महार? त्याचे नाव चेडा. त्याची जागा डोंगरात, रानात आणि गावाच्या हद्दीबाहेर. म्हणजे ज्या गावाने जिवंतपणी त्याला वेशीच्या आत घर बांधू दिले नाही, त्याच गावाने मेल्यानंतरही त्याला वेशीच्या आतले झाड दिले नाही. जात जन्माने येते आणि मरणाने जाते, असे म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

स्त्रियांच्या बाबतीत यादीचे सूत्र बदलते. तिथे जात मागे पडते आणि नवरा पुढे येतो. नवरा जिवंत असताना मेली ती जखीण, विधवा मेली ती लावसट, बाळंतपणात किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत मेली ती हडळ. पुरुषाचे भूत त्याच्या वर्णावरून ओळखायचे आणि बाईचे तिच्या कुंकवावरून, असा हा व्यवहार. हडळीविषयी आम्हांस नेहमीच अधिक वाईट वाटते. ज्या काळात सुईणीच्या हातून, अंधाऱ्या खोलीत, विटाळ मानून बाजूला टाकलेल्या अवस्थेत बाया बाळंत होत, त्या काळात प्रत्येक गावात अशा तरुण मृत्यूंची रांग असणार. त्या मृत्यूंचा जाब विचारायचा कोणाला? गावाने त्या मेलेल्या बाईलाच अपराधी केले, तिला पाठ नाही असे सांगितले, तिचे पाय उलटे केले आणि तिला विहिरीवर बसवले.

आता भुताशी कसे वागावे याचे गावाचे नियम पाहू. भुताची सावली पडू देऊ नये. त्याचा स्पर्श झाल्यास आंघोळ करावी. त्याने गावात शिरू नये म्हणून वेस बांधून घ्यावी. त्याला खायला द्यायचे ते घरात बोलावून नव्हे, तर दहीभाताचा उतारा तिवाट्यावर दुरून ठेवावा आणि मागे न पाहता निघून यावे. हे नियम वाचताना आपल्या आजीआजोबांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना वेगळे काही सांगावे लागू नये. सावलीचा विटाळ, स्पर्शानंतरचे स्नान, वेशीबाहेरची वस्ती, वरून टाकलेली भाकरी : गाव भुतांशी जसे वागे तसेच तंतोतंत जिवंत माणसांशी वागत होते. ‘बाधा’ आणि ‘विटाळ’ हे शब्द दोन, पण त्यांच्यामागची भीती एकच आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, आपल्या पावलांचे ठसे आपणच पुसत जावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणग्रंथात केली आहे. भुताचे पाय उलटे असतात म्हणून ते ओळखावे, अशी समजूत. आणि इथे तर माणसाचे पाऊलच शिल्लक ठेवायचे नाही, असा दंडक. ग्रहण लागले की महार-मांगांनी गावातून दान मागत फिरावे आणि ग्रहण सुटावे, ही रीतही याच समजुतीतून आली. सूर्य-चंद्राला गिळणाऱ्या राहूशी गावाने आपलेच नाते जोडून टाकले होते.

गंमत अशी की ज्या अंधाराला सारे गाव भीत असे, त्या अंधारात पाठवले जात असे ते येसकरालाच. वेशीवर रात्रीची राखण त्याने करायची, मयताची खबर परगावी त्याने न्यायची, स्मशानातली लाकडे त्याने ओढायची, शिवेचा तंटा उठला तर शीव कुठून जाते ते त्याने चालून दाखवायचे. चकवा लागतो म्हणून पाटील ज्या रानातून दिवसाही एकटा जात नसे, त्या रानातून महाराने मध्यरात्री टपाल घेऊन जावे, यात कोणाला विसंगती वाटली नाही. ही सक्तीची निर्भयता होती. आपल्याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रहींच्या रांगा उभ्या केल्या. त्या रांगांतील कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या असा अंधार तुडवीत आलेल्या घरांतली होती, हे ध्यानी घ्यावे. वतनाची ही कामे कायद्याने संपायला मात्र १९५८ चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा यावा लागला.

भयकथांचा आणखी एक प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. बुरूज चढत नाही, पाया खचतो, मग स्वप्नात दृष्टान्त होतो की माणूस पुरल्याशिवाय बांधकाम उभे राहणार नाही. पुरंदरच्या बुरुजाची आख्यायिका अशीच आहे. तीत एका महाराचा मुलगा व सून जिवंत गाडली जातात. बखरकार अशी गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, गडावरचा वाटाड्या ती अंगावर काटा आणण्यासाठी सांगतो. परंतु १८५५ साली एका शाळकरी मुलीने ही गोष्ट तिसऱ्याच स्वरात सांगितली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुक्ता साळवे हिचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आमच्या जमिनी हिरावून मोठमोठ्या इमारती बांधल्या आणि त्यांच्या पायात आम्हांस तेल-शेंदूर पाजून पुरले, अशी तक्रार तिने त्यात नोंदवली आहे. तिच्या लेखणीत भूत नाही, दृष्टान्त नाही, पुण्य नाही. आहे तो केवळ आरोप. ऐकीव भयकथेचे फिर्यादीत रूपांतर करणारे मराठीतील पहिले लेखन आमच्या मते हेच, आणि ते तीनच वर्षे शाळेत गेलेल्या मुलीच्या हातून झाले. आपल्या शाळेत निबंध तपासताना आम्हांस ही मुलगी वारंवार आठवते.

तिच्या गुरूंनी, जोतीरावांनी, १८ वर्षांनी हेच काम मोठ्या पटावर केले. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ चा. त्यात त्यांनी पुराणांतील दैत्य-राक्षसांची सारी पलटण उलटी करून दाखवली. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, बळी हा इथला राजा, म्हसोबा हा त्याचा महासुभा म्हणजे अधिकारी, आणि महार म्हणजे ‘महाअरी’, अखेरपर्यंत लढलेला मोठा शत्रू. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होतील असे नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही त्या शब्दशः घेत नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक आहे : युद्ध हरलेल्यांचे वर्णन कोणी लिहिले? शिंगे, सुळे आणि काळा रंग त्यांना कोणी दिला? वणीच्या रहिवाशांना हा प्रश्न दूरचा नाही. समोर सप्तशृंगगड आहे, महिषासुरवधाची कथा इथल्या डोंगरांच्या आकाराशी जोडलेली आहे आणि चैत्रात खानदेशातून येणारे यात्रेकरू आपल्या दारावरून ती गात जातात. कोणाच्या श्रद्धेशी आमचा इथे वाद नाही. मात्र याच मुलखात शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा कुणबी आणि आदिवासी दोघेही पुजतात, आणि महिषासुर व म्हसोबा यांच्यातील नात्याविषयी दामोदर कोसंबींसारख्या विद्वानानेही गांभीर्याने लिहिले आहे. एकाच कथेतला दैत्य दुसऱ्या बांधावर राखणदार असतो, एवढे आपल्या मुलांना दिसले तरी पुष्कळ झाले.

‘गुलामगिरी’ जोतीरावांनी अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. तो धागा धरून थोडे तिकडे पाहणे उपयोगी ठरेल. १८६५ साली तिथे गुलामगिरी कायद्याने संपली आणि लगेच दक्षिणेतील गोऱ्यांची ‘कू क्लक्स क्लान’ ही गुप्त संघटना उभी राहिली. तिचे स्वार रात्री पांढरे झगे आणि मुखवटे घालून, आपण युद्धात मेलेल्या सैनिकांची भुते आहोत अशी बतावणी करीत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर येत. मतदानाला जाऊ नये, शाळा काढू नये, मालकाची जमीन सोडून जाऊ नये, हा त्या भुतांचा निरोप असे. पुढे १८७१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे पीडितांच्या साक्षी झाल्या. त्यांत अनेकांनी सांगितले की आम्ही मुखवट्याला फसलो नाही. आवाजावरून, घोड्यांवरून आम्ही शेजाऱ्यांना ओळखले होते. भीती होती ती बंदुकीची. रात्री दलितवस्तीवर दगड पडले की ‘भानामती’ म्हणून बोळवण करणारी गावे आपल्याकडेही होती, आणि दगड कोणत्या घरातून येतो ते वस्तीलाही ठाऊक असे. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ या १९८७ च्या कादंबरीत तर गुलामीत परत जाऊ नये म्हणून आईने स्वतः मारलेली मुलगीच भूत होऊन घरी येते. त्यामागे १८५६ मधील मार्गारेट गार्नर हिची सत्यघटना आहे.

मराठीत या जातीची कथा शोधायची तर अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’कडे जावे लागते. ही कथा प्रत्येकाने वाचावी, आणि शक्य तर एकट्याने रात्री वाचावी. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. उपाशी फिरताना त्याला स्मशानातल्या राखेत सोन्याची अंगठी सापडते, आणि मग राख चाळणे हाच त्याचा धंदा होतो. त्यापुढे पुरलेली प्रेते उकरणे. भयकथेचे सगळे साहित्य इथे हजर आहे : काळोख, नुकते मूठमाती दिलेले प्रेत, कोल्ह्यांची झुंड. अण्णा भाऊंनी यांतले काहीही सौम्य केलेले नाही. भीमा कोल्ह्यांशी झुंजतो, मुडद्याचा जबडा पहारीने उघडतो आणि सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. पण या साऱ्यात वाचकाला भूत कुठेच भेटत नाही. भीमाची बायको घाबरते तेव्हा तोच तिला समजावतो की खरी भुते मसणात नसतात, ती वस्तीत घरे करून राहतात. शेवटी त्याची दोन बोटे कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा तो माणूस लहान मुलासारखा रडतो. बेकारी या शब्दाची इतकी भयंकर व्याख्या आम्ही कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली नाही.

भीमाला पोटाचे भय आहे. दुसरे भय ओळख उघड होण्याचे. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि जात सांगत नाही. भयकथेत वाचकाला ठाऊक असते की दाराआड काहीतरी आहे. इथे दाराआड आहे ते त्याचे स्वतःचे नाव. प्रत्येक आपुलकीचा प्रश्न, ‘गाव कोणते, आडनाव काय’, त्याच्या छातीत धडकी भरवतो. ओळख फुटते आणि प्रेमाने वागणारी माणसेच त्याच्यावर तुटून पडतात. शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. आणि बागुलांच्याही आधी, १९१७ साली, बडोद्यात खुद्द बाबासाहेबांनी हे भोगले. परदेशातून उच्चविद्या घेऊन आलेला हा तरुण पारशी नाव घेऊन एका पारशी पथिकाश्रमात उतरला. अडगळीने भरलेल्या मोठ्या दिवाणखान्यात विजेचा दिवा नव्हता. एका लहानशा कंदिलाच्या उजेडात, बोलायला माणूस नाही अशा स्थितीत त्यांनी रात्री काढल्या. त्यांना ती जागा अंधारकोठडी वाटली. अकराव्या दिवशी सकाळी जिना चढून लाठ्या घेतलेली माणसे आली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात त्यांनी हे लिहिले आहे. ते वाचताना कोणत्याही भयकथेतील अंधारा वाडा आम्हांस फिका वाटतो.

लोकप्रिय मराठी भयकथेविषयी फार लिहीत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची कारागिरी मोठी आहे, आम्हीही ती तरुणपणी आवडीने वाचली. पण त्या दुनियेतील भय बहुधा वाड्यातले आणि मध्यमवर्गीय घरातले असते, आणि गावाकडचा गडीमाणूस पुष्कळदा इशारा देण्यापुरताच येतो. अलीकडच्या ‘लपाछपी’ या चित्रपटात उसाच्या फडात वावरणाऱ्या भुतांमागे स्त्रीभ्रूणहत्येचा विषय आहे. हे वळण स्वागतार्ह म्हटले पाहिजे.

कथेचे विवेचन इथवर ठीक. पण ती कथा अजूनही माणसे मारते, हे विसरून चालणार नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण झाल्याच्या, तिला गावातून हाकलल्याच्या बातम्या येत राहतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा होऊ शकला. आणि आपल्या घरांचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांत सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान न करण्याची आहे. पितर नाही, पिंड नाही, म्हणजे अतृप्त आत्माही नाही. भुताच्या साऱ्या व्यवहाराचे मूळच तिथे तोडले आहे. तरीही सुटीवरून परतलेल्या मुलांच्या दंडावर आम्हांस काळे दोरे दिसतात. शाळेत अचानक अबोल झालेल्या मुलीला डॉक्टरांकडे नेण्याआधी भगताकडे नेले जाते. आम्ही पालकांवर रागावण्यापूर्वी बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आठवतो. आषाढात अंगात येणाऱ्या बायांचे चित्र त्यांनी निर्दयपणे रेखाटले आहे, आणि वर्षभर मारझोड सोसणाऱ्या बाईला तेवढ्याच दिवसांत मान मिळत असे, हेही त्यातून दिसते. अबोल मुलीला भगताने विचारायचे प्रश्न आईने विचारले, तर कितीतरी गोष्टी लवकर कळतील : काय झाले, कोणी त्रास दिला, कशाची भीती वाटते?

पालीत प्रेतकथा नाहीत असेही नाही; ‘पेतवत्थु’ या ग्रंथात अशा ५१ कथा आहेत. पण मुलांना सांगायचे तर आम्ही मज्झिमनिकायातील ‘भयभेरव सुत्त’ निवडतो. जाणुस्सोणि ब्राह्मणाला भगवान सांगतात की संबोधीपूर्वी आपण चतुर्दशी, पौर्णिमा-अमावस्या आणि अष्टमीच्या रात्री, लोक ज्यांना भितात अशा वनांत आणि वृक्षांच्या चैत्यांपाशी मुद्दाम जाऊन राहत असू. मोर फांदी मोडी, वाऱ्याने पाने सळसळत, आणि मनात येई, हेच का ते भय? चालताना भय आले तर ते जाईपर्यंत ते चालतच राहिले, बसले नाहीत. बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. त्यात मंत्र नाही, दोरा नाही. फांदी मोरानेच मोडली होती, हे थांबून पाहणे आहे.

इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही यंदा एक उपक्रम घेतला. प्रत्येकाने दिवाळीच्या सुटीत आपल्या गावची एक भुताची गोष्ट घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून लिहून आणायची, आणि गोष्ट संपल्यावर चार प्रश्न विचारायचे : मेले ते कोण होते? कशाने मेले? ती विहीर किंवा ते झाड कोणाच्या मालकीचे? आणि ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली? एका मुलीने विहिरीवरच्या हडळीची गोष्ट आणली. तिच्या पणजीने उत्तर दिले की ती बाई आपल्याच वस्तीतली, सालगड्याची बायको. पावसाळ्यात नदीला पूर होता, बाळंतपणासाठी बैलगाडी मागायला नवरा मालकाकडे गेला आणि गाडी मिळाली नाही. पणजीला तिचे नावही आठवत होते. मुलीने गोष्टीचे शीर्षक खोडून तिथे ते नाव लिहिले.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अशा गोष्टी अवश्य लिहून पाठवाव्यात. सांगणाऱ्याचे वय, गाव आणि वरील चार प्रश्नांची उत्तरे सोबत द्यावीत. जिवंत व्यक्तींची नावे देऊ नयेत. शाळेच्या ग्रंथालयात त्यासाठी एक जाड वही बांधून ठेवली आहे आणि तिची पहिली ३१ पाने भरली आहेत.